आठवी-नववीचं लेकरू गप्प झालं तर



जून निम्मा सरला की आपल्याकडं दोनच गोष्टींची धांदल असते, पेरणी आणि शाळा. वापसा आला का, सरकीच्या पिशव्या आणल्या का, हे एकीकडं. बियाणांचा जिल्हा म्हणून जालन्याचं नाव देशभर आहे, तरी हव्या त्या पिशवीसाठी आपल्याला दुकानासमोर उभं राहावं लागतंच. आणि दुसरीकडं लेकराचा दाखला काढायचा, हायस्कुलात नाव घालायचं, बसचा पास करायचा. एवढं झालं की आपण म्हणतो, झालं एकदाचं, लागलं लेकरू शाळेला. आज आम्ही बोलणार आहोत ते त्याच्या पुढचं. नाव घातल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्या लेकराचं काय होतं, आणि ते मागं पडायला लागलं तर त्याच्याशी कुणी बोलायचं.

आपल्या बहुतेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. काही ठिकाणी चौथीपर्यंत, काही ठिकाणी आठवीचा वर्ग जोडलेला. त्या शाळेतले गुरुजी आणि बाई लेकराला ओळखतात, त्याच्या बापाला ओळखतात, आजी कधी वारली तेही त्यांना माहीत असतं. लेकरू दोन दिवस दिसलं नाही तर कुणाकडून तरी निरोप येतो. तेच लेकरू जूनमध्ये बाजाराच्या गावच्या हायस्कुलात जातं. तिथं एका तुकडीत साठ-सत्तर मुलं. तास बदलला की शिक्षक बदलतो. गणिताचे सर वेगळे, विज्ञानाच्या बाई वेगळ्या, इंग्रजीचे सर वेगळे. सातही शिक्षकांना ते लेकरू थोडं थोडं दिसतं, पूर्ण कुणालाच दिसत नाही. त्यात कुणी आग्रहानं 'सेमी'ला नाव घातलेलं असतं, म्हणजे गणित आणि विज्ञान एकदम इंग्रजीतून. काल जे लेकरू गावातल्या वर्गात पहिल्या बाकावर होतं, ते आज खिडकीकडं तोंड करून बसतं.

नववीत आणखी एक गोष्ट होते, ती आपण हिशोबाच्या वहीसारखी मांडून कधी बघत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. त्यामुळं शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. फुकट पुस्तकं आठवीपर्यंत. नववीत पाय ठेवला की दुपारचं जेवण बंद, पुस्तकं विकत. गणिताचं एक पुस्तक होतं त्याची दोन होतात. आणि याच वर्षी खरीखुरी नापासाची भीती समोर उभी राहते. आधी आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवत नव्हते. २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, नापास झालं तर पुन्हा एक संधी, तरी जमलं नाही तर त्याच वर्गात. पण तोवर कच्चं राहिलेलं बरंच काही नववीच्या दारात साठलेलं असतं. २०२४ च्या 'असर' पाहणीत देशातल्या खेड्यांमधल्या आठवीच्या मुलांना साधा भागाकार दिला होता, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं. तो साधारण ४६ टक्के मुलांनाच जमला. म्हणजे निम्म्याहून जास्त लेकरं ही अडचण पोटात घेऊनच हायस्कुलात बसतात. एकट्या आपल्याच लेकराचं डोकं चालत नाही, असं समजायचं कारण नाही.

आता मूळ शब्दाकडं येऊ. समुपदेशन. जड शब्द आहे, जिभेवर बसत नाही. बैठकीत आम्ही हा शब्द काढला की एखादी मावशी म्हणतेच, "माझं लेकरू काही येडं नाही." ही भीती आम्हाला समजते. पण आठवून बघा. दुष्काळाच्या त्या वर्षांत मराठवाड्यात सरकारनं शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला होता. आशाताई घरोघर जाऊन विचारायच्या, झोप लागते का, जेवण जातं का, मन कशात लागत नाही असं होतं का. त्यातून ज्यांना गरज होती त्यांना दवाखान्यापर्यंत नेलं जायचं. तेव्हा कुणी म्हटलं नाही की आशाताई वेड्यांची यादी करतीये. कर्जानं आणि नापिकीनं खचलेल्या माणसाशी कुणीतरी नीट बोलावं, एवढंच ते होतं. शाळेतलं समुपदेशन त्याच जातीचं आहे.

समजूत घालणं मात्र वेगळं. समजूत आपण सगळ्याच घालतो. "बाळा, शिकलास तर सुखी होशील, आमच्यासारखं रानात राबू नको." हे आपण बोलतो, लेकरू मान खाली घालून ऐकतं, आणि काहीच बदलत नाही. समुपदेशक बाई किंवा सर असतील तर ते आधी लेकराला बोलू देतात. एका भेटीत नाही, तीन-चार भेटींत. मग बघतात की अडचण नेमकी कुठली. मागचा अभ्यास कच्चा आहे का. फळ्यावरचं दिसत नाही का. अक्षरं उलटसुलट होतात का. घरात भांडणं आहेत का. कुणी त्रास देतंय का. प्रत्येक कारणाला औषध वेगळं. ज्याला दिसत नाही त्याला शिकवणी लावून उपयोग नाही, आणि जिला कुणी त्रास देतंय तिला चष्मा देऊन उपयोग नाही. आपल्याकडं मात्र सगळ्याला एकच निदान, 'अभ्यासात लक्ष नाही'.

एक उदाहरण सांगतो. गाव सांगणार नाही, नाव सांगणार नाही, ओळख पटेल असे दोन-चार तपशीलही बदललेत. आमच्या एका गटात फेब्रुवारीच्या बैठकीत एका ताईंनी वीस हजारांची कर्ज मागणी केली. कारण लिहिलं होतं 'घरखर्च'. गटात कारण विचारायची रीत आहे. विचारलं तर ताई आधी गप्प, मग म्हणाल्या, मुलीचं जमवलंय. मुलगी नववीत, पंधरा वर्षांची. ताईंचं म्हणणं असं होतं की पोरगी दिवाळीपासून शाळेत जायला बघत नाही. रोज सकाळी पोट दुखतं. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, एक अंगारा झाला. "आता ती घरी. आम्ही दोघं दिवसभर रानात. तरणी पोर घरात एकटी कशी ठेवायची? स्थळ चांगलं आहे, काही मागत नाहीत."

मैत्रिणींनो, हे बोलणं आपण नीट ऐकलं पाहिजे. ताई दुष्ट नव्हत्या. मुलीला ओझं समजत नव्हत्या. शाळा सुटली, मुलगी घरी एकटी, म्हणून काळजी, म्हणून लग्न. अशी एकाला एक कडी लागलेली असते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जालना जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे ३५ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं निघालं. राज्याचा आकडा बावीसच्या आसपास आहे. आपण या आकड्यावर भाषणं ऐकतो, कायदा ऐकतो, ग्रामसेवकाला कळवा म्हणून ऐकतो. ते सगळं खरं आणि गरजेचं आहे. पण त्या कडीची पहिली कडी बऱ्याचदा शाळेत लागते, आणि तीही अशा साध्या गोष्टीनं, की ऐकल्यावर विश्वास बसत नाही.

त्या मुलीशी बोलायला गटातल्या दोघी गेल्या. पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या वेळी पण नाही. तिसऱ्या वेळी त्यांतली धाकटी, बारावी झालेली, ब्लाउज शिवून देणारी, तिच्याबरोबर मेथी निवडत बसली. शाळेचा विषयच काढला नाही. जुडी संपत आली तेव्हा मुलगी स्वतःहून बोलली. विज्ञानाच्या तासाला उभं करून इंग्रजीतला धडा वाचायला लावला होता. एक शब्द चुकला. वर्ग हसला. तेवढ्यावर थांबलं असतं तर विसरली असती. पण काही मुलांनी त्या चुकलेल्या शब्दानंच तिला हाक मारायला सुरुवात केली. वर्गात, पाण्याच्या टाकीपाशी, आणि मग बस स्टँडवर. चार महिने. घरी सांगितलं तर शाळाच बंद करतील, या भीतीनं घरी सांगितलं नाही. शाळेत सांगितलं तर सगळ्यांना कळेल, म्हणून शाळेत सांगितलं नाही. मग पोट दुखायला लागलं. आणि ते खरंच दुखत होतं. ती ढोंग करत नव्हती.

गटातल्या चौघी शाळेत गेल्या. मुख्याध्यापक म्हणाले, मुलगी अभ्यासात जरा कच्ची आहे, बाकी काही नाही. पण त्यांच्याच ऑफिसात भिंतीवर एक फलक होता, 'सखी सावित्री समिती', खाली नावं. त्यांत मराठीच्या एका बाईंचं नाव होतं. आमच्या बायकांनी त्या बाईंची भेट मागितली. पुढचं काम बाईंनी केलं. आठवड्यातून एक मोकळा तास त्या मुलीसाठी ठेवला. त्रास देणाऱ्या मुलांना प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं केलं नाही, एकेकाला वेगळं बोलावून बोलल्या, त्यांच्या घरच्यांनाही बोलावलं. सगळ्यांसमोर केलं असतं तर मुलीचाच बोभाटा झाला असता. तिला सेमीच्या तुकडीतून मराठीच्या तुकडीत घेतलं. त्याच बसनं येणाऱ्या दोन मुलींना तिच्याबरोबर राहायला सांगितलं. मार्चमध्ये ती पुन्हा वर्गात बसली. वार्षिक परीक्षेत काठावर निघाली. आता दहावीत आहे. गणिताची धास्ती अजून आहे, बसमध्ये अजूनही पुढच्याच सीटवर बसते. ताईंनी ते कर्ज घेतलं नाही, पुढच्या वर्षी शेळ्यांसाठी घेतलं. ते स्थळ मात्र थांबलं नाही. दुसऱ्या गावात त्यांना मुलगी मिळाली असं कानावर आलं. तिचं वय आम्हाला कळलं नाही.

आता ही सखी सावित्री समिती काय आहे, ते सांगायला पाहिजे, कारण आम्ही ज्या ज्या गटात विचारतो तिथं दहातल्या आठ जणींनी नावच ऐकलेलं नसतं. १० मार्च २०२२ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं शासन निर्णय काढला की प्रत्येक शाळेत ही समिती असावी. केंद्र पातळीवर आणि तालुका पातळीवरही असावी. शाळेच्या समितीत मुख्याध्यापक, शिक्षिका, समुपदेशक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीतली महिला सदस्य, पालक महिला, आणि दोन मुलगे, दोन मुली अशी माणसं असतात. समितीचं काम काय? शाळाबाह्य मुलं परत आणणं, बालविवाह थांबवणं, मुलामुलींच्या शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यासाठी समुपदेशन करणं, शाळेत सुरक्षित वाटेल असं बघणं. म्हणजे आपण जे मागतो आहोत ते कागदावर चार वर्षांपूर्वीच दिलेलं आहे. पुष्कळ ठिकाणी ते फलकापुरतं आहे. तरी फलक असणं ही छोटी गोष्ट नाही. त्या चौघींना बोट ठेवायला एक नाव सापडलं ते त्या फलकामुळंच.

दुसरी गोष्ट त्याहून नवी आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. विशाखापट्टणमला वसतिगृहात राहून शिकवणी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. त्यात न्यायालयानं सगळ्या देशासाठी नियम घालून दिले. ज्या शिक्षणसंस्थेत शंभर किंवा जास्त मुलं आहेत, तिथं निदान एक शिकलेला समुपदेशक, मानसशास्त्राचा जाणकार किंवा मुलांच्या मनाचं प्रशिक्षण घेतलेला सामाजिक कार्यकर्ता असला पाहिजे. शंभरपेक्षा कमी मुलं असतील तर शाळेनं बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. आणखी एक सांगितलं, जे ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नका, चारचौघांत पाणउतारा करू नका. 'अ' तुकडी हुशारांची आणि 'क' तुकडी उरलेल्यांची, हे आपल्या हायस्कुलांत किती सहज चालतं! 'क' तुकडीत बसवलेल्या लेकराला पहिल्याच दिवशी कळतं की शाळेला आपल्याकडून काही अपेक्षा नाही. मग तेही स्वतःकडून ठेवत नाही.

आपल्या हायस्कुलात शंभराच्या वर मुलं असतातच. आता समुपदेशक लगेच नेमला जाईल, असं आम्ही सांगत नाही. ज्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे, तिथं समुपदेशक उद्या येणार नाही, हे आपल्यालाही कळतं. पण शाळेतल्याच एखाद्या शिक्षिकेला ही जबाबदारी नाव घेऊन देता येते, वेळापत्रकात तिचा एक तास यासाठी मोकळा ठेवता येतो. त्या मराठीच्या बाईंना वेगळा पगार नव्हता, होता तो आठवड्यातला एक तास.

मुलग्यांचं वेगळं सांगावं लागतं. मुलगी घरी बसली तर आपल्याला दिसते तरी. मुलगा शाळेत जातो म्हणून घरातून निघतो आणि बाजाराच्या गावात फिरत राहतो. तीन महिन्यांनी शाळेतून निरोप येतो तेव्हा कळतं. किंवा तो गॅरेजला लागतो, केटरिंगच्या गाडीवर जातो, लग्नसराईत दिवसाला चारशे-पाचशे मिळवतो, आणि आपल्यालाही मनातून बरं वाटतं की कमवायला लागला. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर आणखी अवघड. दिवाळीनंतर कोयता घेऊन घर कारखान्याच्या दिशेनं निघतं. हंगामी वसतिगृहात लहान भावंडांची सोय होते, मोठा मुलगा मात्र 'हाताखाली येईल' म्हणून बरोबर जातो किंवा आजीपाशी राहतो. चौदा वर्षांचं पोरगं सहा महिने आईबापाशिवाय. त्याला रडता येत नाही, कारण आपणच शिकवलेलं असतं की पोरं रडत नाहीत. मग ते चिडतं, शिक्षकांना उलट बोलतं, पुडी खायला लागतं. शाळा त्याला 'वाया गेलेला' म्हणते. अशा एका मुलासाठी आमचा एक गट दोनदा शाळेत गेला. शाळेनं त्याला परत घ्यायची तयारीही दाखवली. तो आला नाही. जालन्याच्या एमआयडीसीत एका हॉटेलात काम करतो. वय बसलं की सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, हे त्याच्या आजीला सांगून ठेवलंय. आजी विचारते मधूनमधून, कधी भरायचा म्हणून.

आता घरात काय करायचं? फार काही नाही, पण नेमकं. डबा बघा. रोज अर्धा परत येत असेल तर विचारा कुणाबरोबर जेवतेस. वही बघा, आपल्याला वाचता येत नसलं तरी चालतं, पानं कोरी आहेत की भरलेली हे कुणालाही दिसतं. जूनमध्ये भरलेली वही ऑगस्टमध्ये कोरी पडायला लागली तर तिथंच काहीतरी घडलंय. रविवारी रात्री पोट दुखतं आणि सुट्टीत दुखत नाही, हे लक्षात ठेवा. दर महिन्याला चार दिवस बुडत असतील तर शाळेतल्या मुतारीला दार आहे का, पाणी आहे का, हे विचारा. शाळा चुकवायचं हे कारण मुली शेवटपर्यंत सांगत नाहीत.

विचारताना "मार्क का कमी पडले?" असं विचारलं की बोलणं संपतं. त्यापेक्षा "कुठला तास नकोसा वाटतो?" असं विचारा. हे आम्हाला त्या मराठीच्या बाईंनी शिकवलं. लेकरू तासाचं नाव सांगतं, मग हळूहळू त्या तासाला काय होतं ते सांगतं. समोर बसवून डोळ्यांत डोळे घालून विचारू नका. भाकरी करताना, शेंगा फोडताना, पाणी शेंदताना बोलणं निघतं. आणि त्यानं शाळेतल्या बाईंना काही सांगितलं असेल तर "काय सांगितलंस? आमचं काय सांगितलंस?" म्हणून उलटतपासणी घेऊ नका. ते बोलणं त्या दोघांतलं असतं. फक्त एक गोष्ट शिक्षकांना लपवता येत नाही. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्यानं, तो २०१२ सालचा, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आपल्यालाही आहे. अशा वेळी १०९८ हा मुलांसाठीचा नंबर लावता येतो.

डोळ्यांचं आणि कानांचं आधी तपासा, हे आम्ही परत परत सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. ते कधी येऊन गेलं, आपलं लेकरू त्या दिवशी हजर होतं का, हे शाळेला विचारा. काही लेकरं बोलण्यात हुशार असतात, हिशोब तोंडी करतात, पण लिहायला बसली की अक्षरं उलटी पडतात, ओळी सुटतात. ती आळशी नसतात. त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, पहिली चौकशी तिथं करा. हे दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर होत नाही, कागदपत्रांना वेळ लागतो. म्हणून आठवी-नववीतच सुरुवात केलेली बरी.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलायला हवी. लेकरू "मला जगायचंच नाही", "मी नसलेलीच बरी" असं म्हणालं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका. रागवू नका, शपथा घालू नका, बाजूला बसा. १४४१६ हा 'टेलिमानस'चा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आई म्हणून तुम्हीच लावला तरी चालतो. आणि आपल्या कपाशीच्या मुलखात घराघरात फवारणीचं औषध असतं, पलंगाखाली, माळ्यावर, दाराआड. ते आजच कुलपात ठेवा. कुणाच्या घरी अडचण असो नसो, औषध कुलपातच पाहिजे. रागाचा तो एक तास टळला की पुष्कळदा जीव वाचतो.

आता गट म्हणून करायचं ते. आपल्या दशसूत्रीत पहिली पाच सूत्रं पैशांची आहेत, बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशोब. पुढच्या पाचांत आरोग्यानंतर शिक्षण येतं. त्या सूत्रापुढं आपण बैठकीत 'चर्चा झाली' एवढंच लिहितो. या महिन्यात तिथं नावं लिहा. गटातल्या कुणाकुणाची लेकरं यंदा आठवी-नववीत गेली, कुठल्या हायस्कुलात, कुठल्या बसनं. ऑगस्टमध्ये परत विचारा, दिवाळीनंतर परत विचारा. मुलींना गावातून शाळेला एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत फुकट आहे, मानव विकासच्या निळ्या बस आहेत. बस वेळेवर येत नसेल तर तेही त्याच वहीत लिहा. शाळा पाचला सुटते आणि बस सातला येते, त्या दोन तासांत स्टँडवर काय काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

मग हायस्कुलात जा. एकटीनं नको, चार-पाच जणी जा, आणि निकालाच्या दिवशी नको, जुलै-ऑगस्टमध्ये जा. शिक्षकांवर धावून जायचं नाही. बऱ्याच शिक्षकांना कुणीतरी यावं असं वाटत असतं, पालक येतच नाहीत ही त्यांची तक्रार खरी आहे. एवढंच विचारायचं की सखी सावित्री समितीत कोण कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, समुपदेशनासाठी कुठल्या बाईंना किंवा सरांना भेटायचं आणि कुठल्या वेळी, आणि तक्रारपेटी आहे तर ती कोण उघडतं. उत्तर तोंडी मिळालं तरी एक साधा अर्ज द्या, ग्रामसंघाच्या लेटरहेडवर. मजकूर चार ओळींचा पुरतो. आमच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांसाठी समुपदेशनाची जबाबदारी एका शिक्षकाकडे नावानिशी द्यावी, आठवड्यातला एक तास त्यासाठी ठेवावा, समितीत आमच्या गटातली एक पालक महिला घ्यावी. खाली १० मार्च २०२२ चा शासन निर्णय आणि सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा निकाल यांचा उल्लेख करा. एक प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक जालन्याला जिल्हा परिषदेत माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांना. आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही. महिना झाला आणि काही हललं नाही, तर ग्रामसभेआधीच्या महिला सभेत विषय घ्या आणि ठरावात लिहून घ्या.

ज्या गटांना अर्ज लिहायला अडचण आहे, त्यांनी येत्या बैठकीत आपल्या समन्वयक ताईंना सांगा. नमुना आमच्याकडं तयार आहे, शाळेचं नाव आणि गावाचं नाव तेवढं घालायचं. आणि शाळेत जायला निघाल तेव्हा आठवी-नववीच्या लेकरांची ती यादी बरोबर घ्या.